सूर्याचा वारा मोजणारी वाटी

मी वाटी बोलतेय. ताटातली वाटी नव्हे. माझ्यात आजवर कुणी काही वाढलं नाही, आणि कुणी आलंच वाढायला तर मी सांडून टाकेन. माझ्या तोंडावर एकीखाली एक अशा बारीक तारेच्या जाळ्या आहेत आणि तळाशी एक चकती. सूर्याकडून येणारा वारा जाळ्यांतून आत शिरतो, चकतीवर आपटतो, आणि तो किती दाट आहे, किती जोरात आलाय, किती तापलाय ते मी सांगते. माझा जन्म एवढ्यासाठीच.

तुम्ही म्हणाल, सूर्याला कुठला आलाय वारा. आहे. तुमची दारं आपटणारा नाही, त्यात हवा नसते. सूर्याच्या अंगातून विजेचे अगदी बारीक कण सारखे बाहेर उधळत असतात, चहूकडे, क्षणाची उसंत न घेता. त्याला म्हणायचं सूर्याचा वारा. तुम्हाला तो लागत नाही म्हणून तो नाहीच, असं समजू नका. तुम्हाला बरंच काही लागत नाही.

आम्ही दोघी. जुळ्या. थोरली तिकडे वर, यानाच्या अंगाला चिकटून सूर्यापासून लांब लांब चाललीय. मी धाकटी, इथे खोलीत, टेबलावर. तिची गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. माझी कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

आम्हाला जिनं जोडलं तिला अख्खा कारखाना मावशी म्हणायचा. डोळ्याला भिंग लावून ती तारा जोडत बसायची. तार इतकी बारीक की श्वासानं हलायची, म्हणून डाग देऊन ती सांधताना मावशी श्वास धरायची आणि काम झालं की फुस्सकन सोडायची. तेवढ्यात कुणी दार उघडलं की संपलंच.

"दार लाव आधी. वारा येतोय."

"वाराच मोजणार ना पण ती, मावशी?"

"तो तिकडे वर मोजेल. माझ्या टेबलावर नको."

दोघी तयार झाल्या तेव्हा एकच यानावर जाणार होती. मोठे साहेब आले. तेव्हा ते काही मोठे नव्हते, केस काळे होते. त्यांनी आम्हाला उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "कोणती पाठवू?"

मावशीनं थोरलीकडे बोट केलं.

"का? धाकटीत खोट आहे काही?"

"खोट तुमच्या नजरेत असेल. दोघींपैकी एक घरी लागतेच. थोरलीला तिकडे दुखलंखुपलं तर इथे कुणाला झोपवून बघणार? तुम्हाला?"

साहेब हसले. पण ते वाक्य माझ्या अंगात त्या डागासारखं पक्कं बसलं. मी राहिले ती कमी होते म्हणून नाही.

यान गेलं. मी या खोलीत आले. खोली म्हणजे दोन टेबलं, एक फळा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि त्याचा गळका नळ. भिंतीपलीकडे एक पोलादी टाकी. तिच्यातली सगळी हवा काढून घेतली की तिथे खोटा सूर्याचा वारा सोडता येतो. एक टेबल साहेबांचं, दुसरं बाईंचं. बाई म्हणजे थोरलीकडून येणारे आकडे वाचणारी. ती इथे आली तेव्हा पोरसवदा होती, आता कानशिलं पांढरी झालीत आणि बोलणं आणखी तिखट.

या खोलीची एक रीत आहे. थोरलीला कुठलाही हुकूम पाठवायचा तर तो आधी माझ्यावर चालवून बघायचा. चालू हो, थांब, या अंगानं मोज, त्या अंगानं मोज, काहीही असो. आधी धाकटीवर, मग थोरलीवर. तिकडे हुकूम पोचायलाच कित्येक तास लागतात, चूक झाली तर धावत जाऊन दुरुस्त कोण करणार. ही रीत लक्षात ठेवा. पुढे लागेल.

थोरली जशी लांब गेली तसा वारा बदलत गेला. सूर्याजवळ तो दाट होता. पुढे जागा वाढत जाते आणि कण तेवढेच. तेवढंच दूध आणि पाहुणे येतच चाललेत, असं झालं. अंतर दुप्पट झालं की वारा चौपट विरळ. पण चाल? चाल त्यानं सोडली नाही. इतका विरळ झाला की एखाद्यानं म्हटलं असतं, आता संपला बिचारा, तरी जवळपास निघाला त्याच जोरानं पळत राहिला. मला त्याचं हे फार आवडतं.

सुरुवातीला त्यात जोराचा झोत वेगळा, हळूचा वेगळा. जोराचा मागून येऊन हळूच्यावर आदळायचा, तिथे नुसता ढीग व्हायचा. पुढे घासून घासून सगळे एका चालीवर आले. एकत्र कुटुंबात होतं तसं, आधी भांड्याला भांडं लागतं, मग सगळ्यांचा आवाज सारखाच होतो.

आता गरमपणाचं ऐका, कारण सगळं भांडण त्यावरून झालं. वाऱ्याचे सगळे कण एका चालीनं, रांगेत चालले तर तो थंड. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी आडवा, नुसती रेटारेटी चालली असेल तर तो गरम. बाकी घाम वगैरे काही नाही.

साहेबांनी तरुणपणी हिशेब करून एक रेघ काढली होती. पसरलं की निवतं, परातीत ओतलेलं दूध निवतं तसं. वारा पसरत जाणार, म्हणजे निवत जाणार. रेघ खाली, खाली, आणखी खाली. ती रेघ फळ्याच्या एका बाजूला कायमची काढलेली होती. फळा पुसणाऱ्यालाही ताकीद होती की तेवढा भाग सोडायचा.

आणि थोरलीचे ठिपके त्या रेघेवर बसेनात.

आधी थोडे वर राहिले. वारा निवत होता, पण सांगितल्याइतका नाही. पुढे तर निवायचाच थांबला. आणि त्याही पुढे ठिपके हळूहळू वर चढायला लागले. सूर्यापासून इतक्या लांब, जिथे सूर्य नुसता एक जाडसा तारा दिसतो, तिथे वारा परत तापत होता आणि चाल मात्र जराशी मंदावली होती.

"उपकरण म्हातारं झालं," साहेब म्हणाले.

"उपकरण म्हातारं झालं की आकडे थरथरतात, साहेब. हे थरथरत नाहीत. शिस्तीत चढताहेत."

"मग काय, तिकडे कुणी चूल पेटवलीय?"

"परके येताहेत," बाई म्हणाली. "ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतले अणू भटकत भटकत आत येतात. त्यांच्यावर वीज नसते, म्हणून वाऱ्याला ते दिसतही नाहीत. पण एखाद्याचा एक इलेक्ट्रॉन सुटला की वारा त्याला पकडतो आणि बरोबर घेऊन चालतो. वाटेत भेटेल त्याला कडेवर घेत गेलं की चाल मंदावणारच. आणि रेटारेटी वाढली की अंग तापणारच."

"गोष्ट छान आहे. पुरावा?"

"पुरावा तिकडून रोज येतोय. तुम्ही त्याला म्हातारा म्हणताय."

साहेब माणूस वाईट नाही, हे मी सांगून ठेवते. कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिले तेच विचारतात. पण स्वतःच्या रेघेवर माणसाचा जीव असतो. पोराच्या चुका दिसतात हो, रेघेच्या दिसत नाहीत.

आणि त्यांना एक सवय. विचार करायला लागले की पेन्सिलीला टोक काढायचे. कागदावर काढा, टोपलीत काढा, नाही. माझ्यावर. तेव्हा हुकूम फारसे जात नव्हते, म्हणून मला झाकण घालायचंही लोक विसरले होते आणि मी त्यांच्या टेबलाच्या कडेला पडून होते. माझं तोंड रुंद, वर जाळी, त्यावर पेन्सिलीची सालं छान गोळा व्हायची. मग साहेब वाकून एक फुंकर मारायचे. झालं साफ.

मी, जी सूर्याचा वारा मोजायला जन्मले, ती साहेबांची फुंकर खात होते. मावशी असती तर तिनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली असती आणि वर चार शब्द दिले असते. पण मावशी कधीच घरी बसली होती, नातवंडं सांभाळत.

एकदा टोक मोडलं. काळं, इवलंसं शिसं. साहेबांनी फुंकर मारली आणि सालं उडाली, पण ते टोक जाळीतून आत गेलं. दुसऱ्या जाळीतूनही. जाऊन नेमकं तिथे अडकलं जिथे मला ऊब देणारी तार आणि तळाची चकती अगदी शेजारी शेजारी आहेत. पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते. हे लहान पोरालाही माहीत असतं. साहेबांनाही माहीत होतं. पण आत काय पडलं ते बघतो कोण.

मला कळलं. पण मला तोंड असलं तरी बोलता येत नाही, मला फक्त मोजता येतं.

मग यानाची वीज कमी पडायला लागली. त्याची शिदोरी घरून दिलेली, वाटेत कुठे भरून मिळत नाही. एक काहीतरी बंद करायलाच हवं होतं. कॅमेऱ्याला ऊब देणारा हीटर होता, पण साहेबांना वाटायचं कधी काही दिसलं तर कॅमेरा हवा. तेव्हा साहेब म्हणाले, "जी खोटं बोलतेय तिलाच बंद करू. थोरलीला."

"ती खोटं बोलतेय हे ठरलं कधी?" बाई म्हणाली. "धाकटीला टाकीत घाला. तिच्यावर थंड वारा सोडा. तिनं थंड सांगितलं तर थोरलीही खरी. दोघी एका हाताच्या आहेत."

"आणि गरम सांगितलं तर?"

"तर करा बंद."

झालं, सगळं माझ्यावर येऊन पडलं. मला टाकीत ठेवलं, हवा काढली, खोटा वारा सोडला. चांगला रांगेतला, थंड वारा होता तो, मला कळत होतं. पण पोटातलं शिसं उबेच्या तारेची वीज सारखी चकतीवर सोडत होतं. मी कण त्यांच्या चालीप्रमाणे वेगवेगळ्या खान्यांत मोजते. कणांची रांग मी अचूक पकडली, पण त्या चोरट्या विजेनं सगळ्या चालींच्या खान्यांत थोडं थोडं टाकलं. बाहेर कागदावर काय उमटलं? रेटारेटी. गरम.

आता मला सांगा, तेल मोजून देणारासुद्धा आधी रिकामं भांडं तोलतो की नाही? वारा सोडायच्या आधी मला रिकामी तोलायला हवी होती. राहून गेलं. साहेबांचं राहिलं कारण उत्तर त्यांच्या मनासारखं आलं. मनासारखं उत्तर आलं की कुणी भांडं तोलत नाही. बाईंचं राहिलं कारण तिनं शब्द दिला होता आणि ती हरली होती. हरलेल्या माणसालाही मागे वळून बघायचं सुचत नाही.

"दोघी एका हाताच्या," साहेब हळूच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "एकच दुखणं दोघींना. वय झालं की या वाट्या गरम सांगतात. वारा बिचारा थंडच आहे."

मी खोटी साक्ष दिली, असं त्या खोलीत ठरलं. माझ्या साक्षीवर माझ्या बहिणीला बंद करणार होते. माझा राग तुम्हाला सांगून कळायचा नाही.

त्या दिवशी बाईंच्या आईचा फोन आला. ती रोज फोन करते आणि रोज एकच विचारते. बाई फोन टेबलावर ठेवून बोलते, म्हणून मलाही ऐकू येतं.

"काय गं, तुझा वारा कुठवर गेला?"

"गेलाय बराच. पण आता कळायचं नाही कुठे गेला ते. बंद करताहेत."

"कोण बंद करतंय?"

"मीच. मीच म्हटलं होतं."

"मग जेवून घे," आई म्हणाली. "उपाशी पोटी कुणाचं काही बंद करू नये. हात चुकतो."

दुसऱ्या दिवशी हुकूम लिहून तयार झाला. बंद हो. एवढाच. पण रीत म्हणजे रीत. आधी धाकटीवर, मग थोरलीवर. मी टाकीतच होते. खोटा वारा केव्हाच थांबवला होता. फक्त उबेची तार चालू होती, कारण तिचं बटण वेगळं असतं. बाईंनी हुकूम सोडला. माझ्या जाळ्यांची वीज गेली.

आणि चकतीवरची वीज दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. शून्यावर यायला हवा होता, आला नाही.

"हुकूम गेला नाही का?" साहेब म्हणाले.

"गेला. जाळ्या मेल्यात. हे बघा."

"परत सोड."

परत सोडला. काटा तिथेच. साहेबांनी मीटरला टिचकी मारली. मीटर काय करणार.

मी तुम्हाला सांगते, त्या शिशानं मला बदनाम केलं होतं, पण त्या घटकेला मी त्याला घट्ट धरून बसले होते. पडू नकोस, म्हटलं. आता नाही. यांना बघू दे.

बाई काट्याकडे बघत राहिली. मग खुर्ची मागे सारून उठली. "वारा नाही. जाळ्या बंद. आणि ही बोलतेय. मग काल बोलत होती ती कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे काल आपण वारा मोजलाच नाही, साहेब. किंवा वाऱ्याबरोबर आणखी काहीतरी मोजलं. उबेची तार बंद करा."

साहेबांनी केली. काटा धाडकन खाली आला. चालू केली, वर. बंद, खाली. तीनदा करून बघितल्यावरच साहेबांनी बटण सोडलं.

मला बाहेर काढलं. बाईंनी मला स्वच्छ कागदावर उलटं धरलं आणि मावशी धरायची तसा श्वास धरून एका बाजूनं हलकेच टकटक केली. पेन्सिलीची साल पडली. दुसरी पडली. मग टोक पडलं. काळं, कागदावर गडगडत गेलं आणि साहेबांच्या हाताशी थांबलं.

साहेबांच्या कानावर पेन्सिल होती. त्यांनी ती काढली, बघितली आणि खिशात ठेवली.

"माझंच आहे," ते म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाली. ती गोड बोलायला शिकलेलीच नाही.

मला पुसलं, पुन्हा टाकीत ठेवलं. या वेळी आधी रिकामी तोलली. काटा शून्य. मग थंड वारा सोडला आणि मी थंड सांगितलं, अगदी काटेकोर. तापवलेला सोडला, मी तापलेला सांगितला. चार प्रकारे विचारलं, चार प्रकारे खरं बोलले. तुम्ही खोटं घातलं नाहीत तर माझ्यातून खोटं निघत नाही. आणि मी खरी तर थोरली खरी. तिकडे वारा खरोखरच निवलेला नाही.

साहेब फळ्यापाशी गेले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं रेघ पुसली. सगळी नाही, अर्धी. सूर्याजवळचा भाग ठेवला, तो बरोबर होता. पुढे थोरलीचे ठिपके होते तसे राहू दिले, वर चढणारे.

"कॅमेऱ्याचा हीटर बंद करा," ते म्हणाले. "तिकडे बघायला आहे काय. मोजायला आहे."

मग बाईंनी त्यांना बेसिनपाशी नेलं आणि नळ सोडला. पाण्याची धार तळाला पडली, चहूकडे पातळ, सरसर पसरली, आणि थोड्या अंतरावर एकदम तिचं गोल कडं झालं. कड्याच्या आत पाणी पातळ आणि वेगाचं, बाहेर जाड आणि संथ.

"वाऱ्याचंही असंच होणार. कुठेतरी बाहेरच्याचा रेटा इतका वाढेल की हा पळता पळता एका जागी एकदम थबकेल, जाड होईल, भयंकर तापेल. ते कडं कुठे आहे ते मला बघायचंय. थोरली चालू राहिली तर ती त्यातून जाईल."

"आणि तोवर वीज संपली तर?"

"तर संपली. पण आपण बंद केली असं कुणी म्हणायला नको."

साहेबांनी नळ बंद केला. तो नेहमीसारखा गळतच राहिला.

आज मी बाईंच्या टेबलावर आहे. माझ्या तोंडावर झाकण आहे, आणि झाकणावर साहेबांच्या अक्षरात कागद चिकटवलाय: इथे टोक काढू नये. थोरलीचे ठिपके अजून येताहेत. कडं अजून आलेलं नाही. वारा दमलेला नाही, नुसता जरा जड झालाय, वाटेतल्यांना घेऊन चाललाय ना.

तुमच्याकडेही असेल कुणी, ज्याला तुम्ही म्हणत असाल की आता इतकं लांब आलं, इतकं विरळ झालं, निवायला हवं होतं. निवलं नसेल तर आधी तुमची रेघ तपासा. आणि कुणाला खोटं ठरवायच्या आधी त्याच्या पोटात तुम्ही काय टाकलंय ते बघा.

यानाची वीज दर वर्षी आणखी थोडी उतरते. खोलीत नवी माणसं येतील, त्यांना घाई असेल, पुन्हा कुणीतरी म्हणेल की ही म्हातारी वाटी बंद करू या. म्हणू दे. या खोलीची रीत अजून बदललेली नाही. तिला बंद करायचं तर आधी मला बंद करावं लागतं. आणि मला एकदा बंद करायला गेले तेव्हा काय बाहेर पडलं, ते ऐकलंय तुम्ही.